स्टेडियम बांधून क्लब वाचवायचा असेल तर: पुण्यातल्या क्रीडा संस्थांसाठी परवानग्या, पात्रता आणि कागदपत्रे

क्लबवर कर्ज झालं, प्रशिक्षकांचे पगार थकले, की समितीच्या बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "एवढं मैदान पडून आहे. एका बाजूला स्टँड काढू, खाली गाळे काढू, भाड्यावर संघ चालेल." सूचना वाईट नाही. स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमचे गाळे सगळ्या पुण्याने पाहिलेत. पण ते स्टेडियम महापालिकेचं आहे. आपलं मैदान कुणाचं, कोणत्या अटीवर मिळालेलं, हे बैठकीत कुणी विचारत नाही. मग आर्किटेक्टची सुंदर चित्रं तयार होतात, फ्लेक्स लागतो आणि अर्ज पहिल्याच टेबलावर अडकतो.

रग्बीची मंडळी हल्ली इंग्लंडचे दाखले देतात. २०२५ मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. त्यातल्या सहा संघांत पुण्याचा संघ नव्हता, त्यामुळे "आपलं स्टेडियम असतं तर" ही हळहळ समजण्यासारखी आहे. फक्त दाखला पूर्ण द्यावा. वॉस्प्स हा १८६७ सालचा क्लब २०१४ मध्ये कॉव्हेंट्रीला गेला आणि त्याने तिथलं मोठं स्टेडियमच विकत घेतलं. मैफली, प्रदर्शनं, हॉटेल यांच्या उत्पन्नावर संघ चालवायचा, असा हिशेब होता. २०१५ मध्ये साडेतीन कोटी पौंडांचे रोखे काढले. ते मे २०२२ मध्ये फेडायचे होते, ते जमलं नाही, करही थकला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये क्लब दिवाळखोरीत प्रशासकांच्या हाती गेला. त्याच्या काही आठवडे आधी वूस्टर वॉरियर्सची तीच गत झाली. तिथे तर स्टेडियमभोवतीच्या जमिनीचे काही तुकडे क्लबच्या मालकांशी संबंधित वेगळ्या कंपन्यांकडे गेले होते.

इतकं लांब जायचीही गरज नाही. गहुंजेच्या क्रिकेट स्टेडियमचा फेब्रुवारी २०१८ मध्ये बँकांनी प्रतीकात्मक ताबा घेतला होता, थकबाकी सुमारे साडेएकोणसत्तर कोटींची होती. क्रिकेटची ही कथा, तर रग्बीच्या स्टँडखालच्या गाळ्यांवर किती विसंबायचं ते समितीने ठरवावं. ठरवून झालं असेल तर पुढचं वाचा.

अर्ज कोण करू शकतं

पुण्यातले बहुतेक जुने क्लब १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली असे दोन्हीकडे नोंदलेले असतात. जमीन अशा संस्थेच्या नावावर असेल तर धर्मादाय कार्यालयाची वाट चुकत नाही. "आमची सोसायटी आहे, ट्रस्ट नाही" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी आपल्या नोंदणी प्रमाणपत्रावर 'एफ' अक्षराने सुरू होणारा क्रमांक आहे का, ते आधी पाहावं. असला, की तुम्ही ट्रस्ट आहात.

व्यावसायिक संघासाठी वेगळी खासगी कंपनी काढली असेल तर जास्त सांभाळा. जमीन ट्रस्टची आणि संघ कंपनीचा, अशा वेळी कंपनीच्या कर्जासाठी ट्रस्टची जमीन तारण ठेवता येत नाही. तोच माणूस विश्वस्त आणि तोच कंपनीचा संचालक असेल तर ते अर्जात स्वतःहून लिहा. सुनावणीत एखाद्या जुन्या सभासदाने ते उघड केलं, तर मग तुमचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी पुढची प्रत्येक तारीख त्यावरच जाते.

जो कागद कुणाकडेच नसतो

जमीन मिळाली तेव्हाचा मूळ प्रदान आदेश. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड सगळे जोडतात, आदेश कुणी जोडत नाही. तो जुन्या सेक्रेटरींच्या घरी होता, ते वारले, घर पुनर्विकासाला गेलं. ही गोष्ट इतक्या क्लबांची आहे की ऐकून आता हसूही येत नाही.

प्रॉपर्टी कार्डावर सत्ताप्रकार बघा. 'भोगवटादार वर्ग २' किंवा 'शासकीय पट्टेदार' असं असेल, म्हणजे जमीन सरकारने अटींवर दिलेली असेल, तर जमीन विकण्याआधी, भाडेपट्ट्याने देण्याआधी, तारण ठेवण्याआधी किंवा तिचा वापर बदलण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी पाहावी लागते. काय चालेल आणि काय चालणार नाही हे त्या आदेशातल्या अटींवर ठरतं. 'केवळ खेळाच्या मैदानासाठी' असं लिहिलेल्या जमिनीवर गाळे काढणं म्हणजे शर्तभंग. त्यात दंड भरून सुटका झाली तर नशीब, जमीन सरकारजमाही होऊ शकते. परवानगी मिळाली तरी नजराणा, म्हणजे त्याबद्दल सरकारला द्यायची रक्कम, भरावा लागतो. ती रक्कम प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात मी क्वचितच पाहिली आहे.

आदेश शोधायचा असा. प्रॉपर्टी कार्डावर किंवा जुन्या सातबारावर फेरफार क्रमांक असतो. त्या फेरफाराची नक्कल काढा, त्यात आदेशाचा क्रमांक आणि तारीख सापडते. मग तो क्रमांक घालून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. क्रमांकाशिवाय अर्ज केलात तर "शोध घेतला असता आढळून येत नाही" हे उत्तर ठरलेलं आहे, आणि खरं सांगायचं तर त्या कक्षातल्या माणसालाही दोष देता येत नाही, गठ्ठे बघितलेत तर कळेल. क्रमांक देऊनही तेच उत्तर आलं तर ते लेखी घ्या. तोंडी 'नाही'ला किंमत नाही. माहिती अधिकारात अर्ज केला की तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं आणि ते पत्र पुढे प्रत्येक ठिकाणी जोडता येतं.

जुन्या कागदातलं एक वाक्य किती छळू शकतं याचं उदाहरणही रग्बीतच आहे. इंग्लंडमधल्या बाथ शहरातलं मैदान एका धर्मादाय संस्थेकडे आहे. तिथे बाथ क्लबला नवं स्टेडियम हवं होतं. १९२२ च्या खरेदीखतात शेजाऱ्यांना उपद्रव होईल असं काही करू नये, अशी अट होती. तिच्यावरून वाद कोर्टात गेला आणि अपील न्यायालयाने ती अट आता लागू करता येत नाही, असं ठरवलं ते डिसेंबर २०२१ मध्ये. आपल्याकडची अट सरकारने घातलेली असते, त्यामुळे शंभर वर्षं झाली म्हणून ती गळून पडेल या भरवशावर राहू नका.

मैदान महापालिकेचं असेल तर मालमत्ता व्यवस्थापन विभागाशी झालेला करार काढा. मुदत संपून वर्षानुवर्षं नुसतं भाडं भरत असाल तर आधी नूतनीकरण, बाकी सगळं नंतर. कॅन्टोन्मेंट हद्दीत असाल तर जमिनीबद्दलचं वरचं काहीच लागू नाही. तिथे संरक्षण संपदा कार्यालयाच्या जनरल लँड रजिस्टरमध्ये जमिनीची नोंद काय आहे ते पाहायचं. जुनी 'ओल्ड ग्रँट'ची जागा असेल तर जमीन सरकारचीच असते, बांधकामाचा नाद सोडलेला बरा.

धर्मादाय कार्यालय

सर्वाधिक अर्ज इथे परत येतात आणि कारण बहुधा एकच असतं: परिशिष्ट एक, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीच्या (शेड्यूल वन) उताऱ्यावर आजच्या विश्वस्तांची नावं नसतात. निवडणुका झाल्या, हार-तुरे झाले, पण चेंज रिपोर्ट, म्हणजे झालेला बदल कळवणारा अर्ज, दाखल केला नाही किंवा केला तो निकाली निघाला नाही. उताऱ्यावर अजून दिवंगत अध्यक्षच. मग अर्जावर सही करणारे तुम्ही कोण, असा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे.

चेंज रिपोर्टची मुदत नव्वद दिवसांची आहे आणि ती बदल झाला त्या दिवसापासून मोजतात. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झालं त्या दिवसापासून नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की काही ठिकाणी तो लेखापालच शिकवतात. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा आणि कारण खरं लिहा.

मैदान परिशिष्टात ट्रस्टची स्थावर मालमत्ता म्हणून नोंदलेलं आहे का, हेही आत्ताच बघा. नसेल तर त्याचाही चेंज रिपोर्ट.

आता विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ३६. ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकणं, अदलाबदल करणं, बक्षीस देणं, तसंच बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देणं, यांपैकी काहीही धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय वैध होत नाही. पुणे विभागासाठी हे अर्ज सह धर्मादाय आयुक्तांपुढे चालतात. 'तीन वर्षं' वाचून लोक शक्कल लढवतात. करार तीन वर्षांचा, पण त्यात 'आपोआप नूतनीकरण, आणखी दोन वेळा' असं कलम. तो करार नऊ वर्षांचाच धरला जाईल, असं समजून चाला. बिल्डरबरोबरच्या विकसन करारालाही परवानगी लागतेच, नाव 'सहकार्य करार' ठेवल्याने सुटका होत नाही.

कर्जाचं कलम वेगळं आहे, ३६ अ. तारण असो वा नसो, ट्रस्टसाठी कर्ज काढायचं तर पूर्वपरवानगी हवी. बँकेने मंजुरीपत्र दिलं म्हणजे झालं, असं समजणाऱ्या समित्या पुष्कळ आहेत. मंजुरीपत्राच्या बारीक अक्षरांत बँकेनेही हीच अट घातलेली असते. वाचत कुणी नाही.

अर्जात चार गोष्टींची उत्तरं लागतात. घटनेत मालमत्ता हस्तांतराबद्दल काय म्हटलंय, हस्तांतराची गरज काय, त्यात संस्थेचं हित कसं, आणि भाडेपट्टा असेल तर आधीच्या भाडेपट्ट्यांच्या अटी काय होत्या. सोबत तज्ज्ञाचा मूल्यांकन अहवाल. नियमात तो 'शक्यतो' जोडा असं आहे, पण त्याच्याशिवाय गेलात तर हात हलवत परत याल. सर्वसाधारण सभेचा ठराव, सभेची नोटीस, हजेरी, लेखापरीक्षित ताळेबंद हे नेहमीचं.

'गरज' या रकान्यात बहुतेक अर्ज पडतात. "क्लबची आर्थिक स्थिती बिकट असून" एवढ्याने काम होत नाही. देणी किती, कुणाची, कधीपासून. गाळ्यांचं भाडं किती येईल, त्यातलं कर्जफेडीला किती आणि खेळाला किती. बांधकाम चालू असताना मुलं कुठे खेळणार. हे आकड्यांनी लिहा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी फार थोड्या अर्जांत पाहिलंय, आणि सुनावणीत तो हमखास येतो.

बिल्डर आधी ठरवून येऊ नका. वर्तमानपत्रात जाहिरात, बंद लिफाफ्यातले प्रस्ताव, त्यांचा तुलनात्मक तक्ता, हा क्रम पाळा. अध्यक्षांच्या ओळखीच्या एकाच माणसाचा प्रस्ताव घेऊन गेलात आणि सुनावणीत दुसऱ्याने जास्त रक्कम पुढे केली, तर पंचाईत तुमची. आणि "आधी करार करू, परवानगी नंतर घेऊ" हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. २०१७ च्या दुरुस्तीने कार्योत्तर परवानगीची सोय झाली हे खरं, पण ती अपवादात्मक, निकडीच्या परिस्थितीसाठी आहे. उत्सव जवळ आला होता, ही निकड नव्हे.

आणखी एक त्रास सांगून ठेवतो. धर्मादाय कार्यालय जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मागतं आणि जिल्हाधिकारी कार्यालय धर्मादायची. दोन्ही नस्त्या एकमेकींची वाट बघत बसतात आणि दोन्हीकडचे लोक शांतपणे सांगतात, "तिकडून येऊ द्या." दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज करा, एकीकडची पोच दुसरीकडे जोडा आणि 'दुसऱ्या परवानगीच्या अधीन राहून' आदेश मिळावा अशी लेखी विनंती करा. प्रत्येक कागदावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

महापालिका

बांधकाम परवानगी आर्किटेक्ट ऑनलाइन मागतो. अग्निशमन, वृक्ष, ड्रेनेज यांचे दाखले तोच बघतो. तुम्ही फक्त झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा आधी काढा. जमिनीवर क्रीडांगणाचं आरक्षण असेल तर किती आणि कोणतं पूरक बांधकाम चालेल हे २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीवरून ठरतं. आरक्षण बदलायचं म्हटलं तर नगररचना कायद्याचं कलम ३७, म्हणजे हरकती, सुनावणी आणि मंत्रालय. कर्जाचा हप्ता तेवढा थांबत नाही. प्रकाशझोताचे मनोरे उभारायचे असतील तर लोहगाव विमानतळामुळे उंचीच्या मर्यादेचाही दाखला लागू शकतो, हे मनोऱ्यांची ऑर्डर देण्याआधी बघा.

कर आणि पर्याय

आयकरात सवलत घेणाऱ्या संस्थेचं व्यापारी स्वरूपाचं उत्पन्न एकूण जमेच्या वीस टक्क्यांवर गेलं तर सवलत धोक्यात येते. गाळ्यांचं भाडं, हॉलचं भाडं, जाहिरातफलक यांतलं काय त्यात मोडतं ते करसल्लागाराकडून लेखी घ्या. मिळकतकराची सवलतही व्यापारी भागाला मिळेल असं धरू नका.

फक्त दोन-तीन हंगाम तगायचं असेल तर कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) निधीकडे बघा. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण आहे आणि सात खेळाडूंची रग्बी २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. त्यासाठी आयकरातली १२ अ आणि ८० जी नोंदणी आणि सीएसआर-१ फॉर्म लागतो. जमिनीला हात लावावा लागत नाही. हा मार्ग समित्यांना फारसा आवडत नाही, कारण त्यात कोनशिला नसते.

आदेश मिळाल्यावर

कलम ३६ च्या आदेशात व्यवहार पूर्ण करायची मुदत आणि अटी लिहिलेल्या असतात. ती मुदत आदेशाच्या तारखेपासून धावते की प्रमाणित प्रत हाती पडल्यापासून, हे आदेशातल्या शब्दांवरून वकिलाकडून ठरवून घ्या आणि संपायच्या आधीच वाढ मागा. भाडेपट्टा नोंदणीकृतच करा. दस्त नोंदला की मालमत्तेत बदल झाला, म्हणजे पुन्हा चेंज रिपोर्ट आणि पुन्हा नव्वद दिवस.