वार (अपरा)

गर्भाशयाच्या आतल्या भिंतीला चिकटलेला आणि नाळेने बाळाशी जोडलेला अवयव. आयुर्वेदात अपरा, काही भागांत झार. पेशी आई आणि बाळ दोघांच्या, पण मोठा वाटा बाळाकडचा. दिवस भरतात तेव्हा वजन साधारण अर्धा किलो, रुंदी 20 सेंमी.च्या आसपास. बाळाकडची बाजू गुळगुळीत चकचकीत, आईकडची गडद लाल आणि खडबडीत. डिलिव्हरीनंतर वार पडली की नर्स ही दुसरी बाजू वर करून नीट बघते, एखादा तुकडा आत राहिला तर रक्तस्राव थांबत नाही म्हणून.

आई आणि बाळाचं रक्त इथे शेजारून जातं पण मिसळत नाही, मधल्या पातळ पडद्यातून ऑक्सिजन, साखर वगैरे पलीकडे जातं. हे आधी कोणी दाखवलं यावर बरीच भांडणं झालीत. प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनच्या परंपरेत दोघांच्या रक्तवाहिन्या थेट जोडलेल्या धरत. 1564 मध्ये इटालियन शरीररचनातज्ज्ञ अरांझियोने ते नाकारलं, पण हातात पुरावा म्हणावा तसा आला तो लंडनमध्ये, 1754 च्या सुमारास, जेव्हा डॉक्टर मॅकेन्झीने गरोदरपणात मेलेल्या एका बाईच्या रक्तवाहिन्यांत रंगीत मेण भरलं आणि तपासायला शरीररचनातज्ज्ञ जॉन हंटरला बोलावलं. पुढे 1774 मध्ये मोठा भाऊ विल्यम हंटरने गर्भाशयाचा प्रसिद्ध अ‍ॅटलास (चित्रग्रंथ) काढला आणि 1780 मध्ये जॉनने रॉयल सोसायटीत सांगितलं की शोध माझा, झालं, भावाभावांत फाटलं. मेण मॅकेन्झीने भरलं होतं हे जॉनच्याच निबंधात आहे, तेव्हा श्रेय एकट्याला देणं काही पटत नाही.

पहिल्या दहाएक आठवड्यांचा हिशोब वेगळा. तेव्हा आईच्या रक्तवाहिन्यांची तोंडं बाळाकडच्या पेशींनी बुजवलेली असतात (पूर्ण की अर्धवट, यावर अजून एकमत नाही, थोडं पाझरत असावं असं दिसतं) आणि पोषण मुख्यतः गर्भाशयाच्या ग्रंथींच्या स्रावातून होतं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातही अवयव फुटण्याआधी गर्भ ‘उपस्नेहा’ने म्हणजे झिरपण्याने जगतो आणि नंतर नाभिनाडीतून असं म्हटलंय, ग्रंथाचा काळ नक्की नाही, आणि साम्य लक्षात घेण्यासारखं असलं तरी आजचं विज्ञान त्यात शोधू नये.

हार्मोन्सचं काम सुरुवातीला बीजकोशातला पीतपिंड (स्त्रीबीज सुटल्यावर मागे उरणारा पिवळसर गोळा) बघतो, साधारण 7 ते 9 आठवड्यांत प्रोजेस्टेरॉनची (गर्भ टिकवणारं हार्मोन) जबाबदारी वार घेते. तिचेच काही हार्मोन्स आईच्या शरीरात इन्सुलिनचा असर कमी करतात म्हणजे साखर बाळासाठी उरते, काहींना गरोदरपणातला डायबिटीस होतो तो यातूनच. आईच्या रक्ताचं प्रमाणही 40-50 टक्क्यांनी वाढतं. आईकडच्या अँटिबॉडीज मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत जातात, लवकर जन्मलेल्या बाळांना त्या कमी मिळतात.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ‘वार खाली आहे’ (म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाजवळ) असा रिपोर्ट आला तरी गर्भाशय वाढतं तशी ती बहुतेकींची वर सरकते.