‘आयोलँथी’: परी, उमराव आणि कॉपीराइट

ब्रेंट वॉकर या ब्रिटिश कंपनीने १९८२ च्या सुमारास गिल्बर्ट (शब्द) आणि सलिव्हन (संगीत) यांच्या संगीतिका टीव्हीसाठी चित्रित केल्या. त्यांतली ‘आयोलँथी’ ही सगळ्यांत खवचट. गोष्ट वरवर पोरखेळाची आहे. माणसाशी लग्न केलं म्हणून हद्दपार झालेली एक परी. तिचा मुलगा कमरेपर्यंत परी आणि खाली माणूस. पऱ्यांची राणी त्याला संसदेत पाठवते. तिथे तो मांडेल ते विधेयक मंजूर होतं आणि लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहात जन्माने बसणाऱ्या उमरावांची झोप उडते. उमरावपद यापुढे स्पर्धा परीक्षेने मिळेल, ही त्यांतली सगळ्यांत मोठी धमकी! भारतात नेमायच्या सनदी अधिकाऱ्यांसाठी लंडनमध्ये १८५५ पासून अशी परीक्षा होतच होती. पण जन्माने मिळालेल्या खुर्चीला ती लावायची म्हणजे भलतंच.

पहिला प्रयोग २५ नोव्हेंबर १८८२ रोजी लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात झाला. संहिता चोरून अमेरिकेत परस्पर प्रयोग लावणाऱ्यांचा तेव्हा सुळसुळाट होता. म्हणून तालमींत नाटकाचं नाव ‘पेरोला’ असं खोटंच ठेवलं होतं, आणि न्यूयॉर्कचा प्रयोगही त्याच तारखेला लावला. सॅव्हॉयमध्ये नुकतीच वीज आली होती. पऱ्यांच्या केसांत बॅटरीवरचे छोटे दिवे चमकले. पऱ्यांच्या राणीने आपल्या गाण्यात अग्निशमन दलाचे प्रमुख कॅप्टन शॉ यांना हाक मारली, तेव्हा ते स्वतः प्रेक्षागृहात बसले होते. सलिव्हनसाठी मात्र दिवस वाईट होता. आपला शेअर दलाल बुडाला, त्यात आपले पैसेही गेले, हे त्याला त्याच दिवशी कळलं, आणि तरी रात्री तो वाद्यवृंदासमोर उभा राहिला.

पुढे या संगीतिका त्या सादर करणाऱ्या डॉयली कार्ट या नाटक कंपनीच्या मुठीत राहिल्या. ब्रिटनमध्ये दुसऱ्या व्यावसायिक मंडळींना त्यांना हात लावता येत नसे. परंपरा जपली गेली हे खरं, पण हातवारेसुद्धा ठरलेले, म्हणजे जपणुकीचा अतिरेकच. गिल्बर्ट १९११ मध्ये वारला. पन्नास वर्षांनी, १९६१ अखेर, शब्दांवरचा हक्क संपला. लगेच जानेवारी १९६२ मध्ये सॅडलर्स वेल्स या लंडनच्या ऑपेरा कंपनीने ‘आयोलँथी’च रंगमंचावर आणली. संगीत संचालन अलेक्झांडर फॅरिस यांचं होतं.

ब्रेंट वॉकरच्या मालिकेत लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासमोर उभे होते तेही फॅरिसच. ‘आयोलँथी’त डेरेक हॅमंड-स्ट्राउड यांनी लॉर्ड चॅन्सलरची, म्हणजे उमरावांच्या सभागृहाच्या प्रमुखाची, भूमिका केली. आणि डॉयली कार्ट? ती कंपनी फेब्रुवारी १९८२ मध्ये पैशांअभावी बंद पडली होती. मालिकेवर टीका पुष्कळ झाली, त्यातली बरीचशी रास्तच. पण ‘आयोलँथी’तला विनोद चित्रीकरणाच्या वेळीही शिळा झालेला नव्हता. लॉर्ड्स सभागृहात तेव्हाही शेकडो वंशपरंपरागत उमराव होते. १९९९ च्या कायद्याने बहुतेकांना घरी पाठवलं, तेव्हाही ९२ जागा तात्पुरत्या म्हणून ठेवल्याच.