फ्रँचायझीवाल्यांची असोसिएशन काढताय? आधी नाव आणि वीजबिल बघा

एकट्या आउटलेटवाल्याने जाहिरात फंडाचा, म्हणजे जाहिरातीसाठी सगळ्या आउटलेटवाल्यांकडून घेतलेल्या पैशांचा, हिशोब मागितला की ब्रँडच्या कंपनीचं उत्तर ठरलेलं, "बघतो साहेब". मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो आणि कुणीतरी म्हणतं चला रजिस्टरच करून टाकू. करा की, पण अर्ज परत येतात ते दोनतीन ठरलेल्या गोष्टींवरूनच.

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. सोयीचा मार्ग म्हणजे कंपनी कायदा २०१३, कलम ८ ची ना-नफा कंपनी, त्यात व्यापाराला चालना हा उद्देश चालतो. प्रायव्हेट असेल तर २ सभासद, २ डायरेक्टर पुरे. आउटलेट भागीदारी फर्मच्या नावावर असेल तर फर्मसुद्धा सभासद होऊ शकते, हे सीएला आठवण करून द्या. पॅन, आधार, डिजिटल सही, ३ वर्षांच्या जमाखर्चाचा अंदाज, हे सगळे जमवतात.

अडतं नावावर. हौसेने "अमुक ब्रँड ओनर्स असोसिएशन" टाकतात. ब्रँडचं नाव रजिस्टर्ड ट्रेडमार्क असतं, मालकाची लेखी संमती लागते, आणि ज्याच्याशी भांडायला निघालात तो संमती देणार होय? ब्रँड सोडा, शहर किंवा धंद्याचं नाव घ्या, शेवटी असोसिएशन किंवा फोरम लावा.

दुसरं, नाव मंजूर झालं की ते २० दिवस राखून ठेवतात. कुठेतरी ६० वाचून लोक निवांत बसतात, पण ती मुदत जुन्या कंपनीचं नाव बदलायची. वाढवून मिळते, फी भरून. आणि नेमका याच दिवसांत नव्या कंपनीच्या ऑफिसच्या पत्त्याचा पुरावा देताना घोळ होतो. आमच्या ओळखीतल्या एकाने फूड कोर्टचा पत्ता दिला, वीजबिल मॉलच्या नावाने, मॉलवाले एनओसी (ना हरकत पत्र) देईनात, फेऱ्या मारता मारता नाव गेलं. पुन्हा अर्ज केला तेव्हा बायकोच्या नावावरचा फ्लॅट दाखवला, तिची एनओसी, तिचंच बिल, दोन महिन्यांच्या आतलं. जुनं बिल चालत नाही, कितीही हात जोडा.

उद्देशांमध्ये "सर्वांनी एकच भाव ठेवावा" असलं चुकूनही लिहू नका, ग्रुपवरही नको. स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३ मध्ये ते कार्टेल, म्हणजे संगनमताने भाव ठरवणं, ठरू शकतं. कमिशन, रॉयल्टी (ब्रँड वापरायचे पैसे), कच्च्या मालाची सक्ती यावर मिळून बोला ना. फक्त त्याआधी स्वतःच्या करारातलं गोपनीयतेचं कलम वाचा, कारण रॉयल्टीचे आकडे ग्रुपवर टाकायलाच बंदी असू शकते.