डब्यावरचे ल्युमेन, रस्त्यावरचे लक्स

पुण्यात नाना पेठेत दुचाकीच्या पार्ट्सच्या कुठल्याही दुकानात जाऊन ‘रात्री नीट दिसत नाही’ एवढंच म्हणा, काउंटरवर एलईडी बल्बचा डबा येतो. डब्यावर ठळक आकडा असतो, 8000 ल्युमेन, नाहीतर 12000. दुकानदार बल्ब बॅटरीला लावून दाखवतो, डोळे दिपतात आणि सौदा होतो. मग गिऱ्हाईक रात्री ताम्हिणीतून किंवा पानशेतहून येतं आणि तक्रार जुनीच राहते: पुढच्या चाकापाशी लख्ख उजेड, वळणाच्या टोकाला काळोख. ल्युमेन विकत घेतले, हवे होते लक्स.

बल्बमधून सगळ्या दिशांना मिळून जेवढा उजेड बाहेर पडतो, तो ल्युमेनमध्ये मोजतात. त्यातला किती उजेड एका चौरस मीटरवर पडला, ते लक्समध्ये. म्हणजे ल्युमेन हा बल्बचा आकडा झाला. लक्स मात्र बल्ब, डोम (बल्बमागचा चकचकीत खोलगट आरसा), काच, हेडलाइटचा कोन आणि अंतर या सगळ्यांनी मिळून ठरतो. गच्चीवर पाइपने झाडांना पाणी घालताना तोंडाशी अंगठा दाबला की तेच पाणी शेवटच्या कुंडीपर्यंत जातं. नळ तेवढाच सुटलेला असतो.

लक्सवर अंतराची मार जबर असते. अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट कमी होतो. एखादा हेडलाइट 25 मीटरवर 16 लक्स देत असेल, तर 50 मीटरवर 4 आणि 100 मीटरवर फक्त 1. ताशी 60 किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. खड्डा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर 25 मीटर तिथेच गेले, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. तेव्हा तुमचा जीव ज्यावर अवलंबून आहे तो आकडा म्हणजे 50 मीटरच्या आसपासचे लक्स. तो कुठल्याच डब्यावर छापलेला नसतो.

छापलेल्या आकड्याचं तरी काय घेऊन बसायचं! स्प्लेंडरसारख्या गाड्यांत येणारा एचएस1 हा 35/35 वॅटचा हॅलोजन ठरलेल्या मानकानुसार लो बीमला (जवळचा झोत) साधारण 525 आणि हाय बीमला (लांबचा झोत) 825 ल्युमेन देतो. जुन्या क्लासिक 350 मधला 60/55 वॅटचा एच4 देतो 1000 आणि 1650. शेजारी 30 वॅटचा एलईडी ठेवा. चांगली एलईडी प्रत्यक्ष वापरात वॅटला शंभर-सव्वाशे ल्युमेन देते. म्हणजे तीन-साडेतीन हजार झाले. बाकीचे पाच हजार डबा छापणाऱ्याने दिलेत.

पण तीन हजार खरे धरले तरी ते एच4 च्या लो बीमच्या तिप्पट. मग लांबचं का दिसत नाही? गोम इथे आहे.

हॅलोजनच्या डोमचा आकार एका बारीक तारेच्या जागेवरून ठरवलेला असतो. एच4 मध्ये हाय बीमची तार डोमच्या केंद्रबिंदूवर असते. लो बीमची तार त्याच्या किंचित पुढे, आणि तिच्याखाली पत्र्याची छोटी वाटी. त्या वाटीमुळे लो बीमचा उजेड डोमच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि खाली वळून रस्त्यावर येतो. भिंतीवर दिसणारी उजेड-काळोखाची सरळ रेघ तिथूनच येते. एलईडी बल्बमध्ये तारेच्या जागी पट्टीच्या दोन बाजूंना उजेड देणाऱ्या चिप असतात. त्या तारेपेक्षा जाड असल्या किंवा मिलिमीटरभर पुढेमागे झाल्या की डोमचं गणित चुकतं. ल्युमेन तेवढेच राहतात, पण जायचं तिथे जात नाहीत. काही चाकापुढे सांडतात, काही झाडांवर आणि काही समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत.

चाकापुढे सांडलेले तर दुहेरी नुकसान करतात. जवळचा रस्ता फार उजळला की डोळ्याची बाहुली आकुंचन पावते, आणि लांबचा मंद उजेड आणखी मंद वाटू लागतो. त्यात बहुतेक स्वस्त एलईडी 6000 ते 6500 केल्विनच्या (केल्विन हा उजेडाच्या रंगाचा आकडा), म्हणजे निळसर पांढऱ्या. हॅलोजन असतो 3200 च्या आसपास. निळसर उजेड समोरच्याच्या डोळ्यांना जास्त खुपतो. पावसात ओल्या डांबरावर तो आरशासारखा पुढेच निसटतो, तुमच्याकडे फारसा परत येत नाही. (हे शेवटचं सगळ्याच रंगांना लागू आहे, पिवळा लावून पावसावर मात होते असं समजू नका.)

आपल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या, वाहनं तपासणाऱ्या संस्थेत हेडलाइट मंजूर होतो तो ठरलेल्या बल्बासकट. बल्बची जात बदलली की तो मंजूर झालेला हेडलाइट उरत नाही. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आड येतं, तेही ध्यानात असू द्या.

म्हणून एलईडी वाईट, असं मी म्हणत नाही. गाडी कंपनीतूनच एलईडी हेडलाइट घेऊन येते तेव्हा त्याचे डोम आणि लेन्स त्या चिपसाठीच बनवलेले असतात, आणि तिथे कमी ल्युमेनमध्येही लांबवर चांगले लक्स मिळतात. माझा आक्षेप हॅलोजनच्या डोममध्ये खुपसलेल्या बल्बला आहे. त्यातही मागच्या पंख्यामुळे रबरी टोपी बसत नाही आणि पहिल्याच पावसात काचेला आतून घाम येतो. अख्खा सात इंची गोल एलईडी लावणार असाल तर तो डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी बनवलाय ना, ते पाहा. ज्याची रेघ एका बाजूला वर चढते, ती आपल्याकडे डावीकडेच चढायला हवी. उजवीकडे चढली तर समोरून येणाऱ्याच्या तोंडावर.

माझ्या मते हॅलोजनवाल्याने पहिला खर्च बल्बवर करूच नये, वायरिंगवर करावा. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या जवळजवळ साडेतिसऱ्या घाताने बदलतो. 13.2 व्होल्टऐवजी होल्डरशी 12 च पोचत असतील, तर व्होल्टेज नऊ टक्क्यांनी घटतं आणि उजेड 28 टक्क्यांच्या आसपास. दहा वर्षं जुन्या गाडीत हँडलच्या स्विचमधले काळे पडलेले काँटॅक्ट आणि बारीक वायर एवढं सहज खातात. इंजिन चालू ठेवून, दिवा पेटलेला असताना होल्डरवर मल्टिमीटर लावा आणि बॅटरीशी ताडून पाहा. फरक मोठा असेल तर रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) घालून बॅटरीपासून फ्यूजसह जाड वायर थेट बल्बपर्यंत न्यायची. हँडलच्या स्विचने फक्त रिले चालवायचा. इथे ल्युमेन आणि लक्स एकाच प्रमाणात वाढतात, कारण तार हलत नाही. ज्या जुन्या गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नसून थेट इंजिनकडून येणाऱ्या एसी करंटवर चालतो, आयडलिंगला मंदावतो, तिथे आधी वायरमनकडून ते बदलून घ्यावं लागतं. आणि 100/90 वॅटचा बल्ब? त्याला 8 अँपिअरहून जास्त लागतात. होल्डर वितळतो, डोमचा मुलामा उडतो, आणि मुलामा उडाला की लक्स गेलेच.

बदल खरंच झाला का, ते पार्किंगमध्ये मोजता येतं. गाडी भिंतीपासून 5 मीटरवर उभी करा, भिंतीवरच्या सगळ्यात उजळ ठिकाणी फोन हेडलाइटकडे तोंड करून धरा आणि लक्स मोजणाऱ्या अ‍ॅपवर आकडा बघा. त्याला शंभराने भागलं की 50 मीटरवरचे लक्स. 400 आले तर तिथे 4. फोनचा सेन्सर काटेकोर नसतो, पण एकाच फोनने आधी आणि नंतर मोजलं तर तुलना पुरेशी होते. ही नोंद बल्ब किंवा वायरिंगला हात लावण्याआधीच करून ठेवा.

त्याच भिंतीवर कोनही बघून घ्या. लो बीमची रेघ 5 मीटरवर हेडलाइटच्या मध्यापेक्षा साधारण 5 सेंटिमीटर खाली हवी. हे बघताना गाडी स्टँडवर नको. स्वतः बसा, आणि रात्री मागे कोणी बसत असेल तर त्यालाही बसवा. मागचे शॉकअप दबले की नाक वर होतं आणि चाकापुढच्या रस्त्याऐवजी समोरच्या ट्रकची काच उजळते. वजन नेहमी बदलत असेल तर जड वजनाला कोन लावा. एकट्याने जाताना थोडं जवळ दिसेल, तेवढं चालतं.