रीच नोंदणी : आययूक्लिडमधील एरर आणि चेसरमधील डिफॉल्ट मूल्ये

युरोपीय संघात वर्षाला 1 टन किंवा त्याहून अधिक रसायन पाठवायचे असेल, तर रीच या युरोपीय रसायन नियमावलीनुसार त्याची नोंदणी आपण नेमलेला युरोपातील ओन्ली रिप्रेझेंटेटिव्ह (अधिकृत प्रतिनिधी) करतो. नोंदणीचे डोसियर, म्हणजे माहितीचा संच, आययूक्लिड या सॉफ्टवेअरमध्ये तयार होते, पण त्यात भरायची माहिती आपल्या प्रयोगशाळेतून आणि प्लांटमधूनच यावी लागते. त्यासाठी हे डोसियर तयार करणारे आम्ही आपल्याकडे वारंवार विचारणा का करतो, ते येथे स्पष्ट करीत आहोत.

डोसियर पाठवण्यापूर्वी आम्ही त्यावर व्हॅलिडेशन असिस्टंट हे आययूक्लिडमधील तपासणीचे साधन चालवतो. त्यातील बिझनेस रूलचे, म्हणजे डोसियर स्वीकारण्याच्या प्राथमिक नियमांचे, एरर राहिले, तर हेलसिंकी येथील युरोपियन केमिकल्स एजन्सी डोसियर प्रक्रियेसाठी घेतच नाही. त्यानंतरच्या कम्प्लीटनेस चेकमध्ये (माहिती पूर्ण आहे का, या तपासणीत) उणीव आढळल्यास एजन्सी मुदत देते. त्या मुदतीत पूर्तता झाली नाही, तर नोंदणी फेटाळली जाते आणि भरलेले शुल्कही परत मिळत नाही.

सर्वाधिक अडचण पदार्थाच्या रचनेच्या, म्हणजे त्यातील घटकांच्या, रेकॉर्डमध्ये येते. सीओएवर (मालाच्या विश्लेषण प्रमाणपत्रावर) बहुधा ‘शुद्धता : किमान 98%’ एवढेच छापलेले असते. विक्रीसाठी ते पुरते. डोसियरमध्ये मात्र मुख्य घटकाचे नेहमीचे प्रमाण, त्याची किमान व कमाल मर्यादा आणि एकक वेगवेगळ्या रकान्यांत द्यावे लागते, शिवाय 1% किंवा त्याहून अधिक असलेली प्रत्येक अशुद्धी नावानिशी दाखवावी लागते. एकक राहिले, किंवा यादीतून ‘इतर’ निवडून शेजारचा रकाना कोरा सोडला, की एरर आलाच. तो घालवण्यासाठी 98 ते 100 ही मर्यादा लिहून नेहमीचे प्रमाण म्हणून मधला 99 हा आकडा भरणे सोपे असते आणि सॉफ्टवेअर तो मुकाट्याने स्वीकारते, कारण रकाना भरला आहे का आणि आकडे आपसांत जुळतात का, एवढेच त्याला कळते. आम्ही तसे करीत नाही. जून 2016 पासून एजन्सीचे कर्मचारी डोसियरचे काही भाग स्वतः वाचूनही तपासतात.

डिफॉल्ट, म्हणजे सॉफ्टवेअरने आधीच धरलेली, मूल्ये एरर देत नाहीत, म्हणूनच ती नजरेतून सुटतात. वर्षाला 10 टनांपासून रासायनिक सुरक्षा अहवाल लागतो आणि त्यातील उत्सर्जनाचे गणित आम्ही चेसर या एजन्सीच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. मिश्रण बनवण्याच्या वापरासाठी, म्हणजे ईआरसी 2 या उत्सर्जन-वर्गासाठी, 2% पदार्थ सांडपाण्यात जातो, ते पाणी दिवसाला 2,000 घनमीटरच्या शुद्धीकरण केंद्रातून नदीत पोहोचते आणि तेथे दहापट विरळ होते, असे मुळातच धरलेले असते. ही गृहीतके मुद्दाम सावधगिरीची आहेत. परंतु आपल्या जर्मन खरेदीदाराकडे सांडपाणी नाल्यात न सोडता गोळा करून जाळले जात असेल, तर अहवालात धोका प्रत्यक्षापेक्षा कितीतरी मोठा दिसतो. (तारापूर किंवा लोटे येथील आपल्या ईटीपीचे, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे, आकडे येथे चालत नाहीत, कारण हे मूल्यांकन युरोपीय संघातील वापराचे असते.) डिफॉल्ट मूल्य बदलता येते, मात्र त्याचे लेखी समर्थन द्यावे लागते आणि त्याचा आधार खरेदीदाराकडूनच मिळवावा लागतो.

काम सुरू करताना अलीकडच्या किमान पाच बॅचचे पूर्ण विश्लेषण, क्रोमॅटोग्रामसह (घटक वेगळे करून दाखवणाऱ्या आलेखांसह), आमच्याकडे पाठवावे. एखादी गोष्ट मोजलेली नसेल, तर तो रकाना कोरा ठेवून तसे कळवावे. तेथे शून्य लिहू नये, कारण सॉफ्टवेअर त्या शून्यालाही मोजलेला आकडाच मानते.