झोत झोताला ओढतो का?

नाशिकहून रात्री मुंबईला निघालं की कसारा घाटात समोरच्या गाड्यांचे झोत आपल्या झोतांना छेदून जातात. तिथेच बारावीतल्या भाचीने विचारलं, "मामा, प्रकाशाला वस्तुमानच नाही, म्हणजे त्याला गुरुत्वाकर्षणही नाही ना?"

हा समज शिकल्यासवरल्यांतही घट्ट आहे. गुरुत्वाकर्षण वस्तुमानावर अडत नाही, त्याला ऊर्जा आणि संवेग पुरतात. २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणात सूर्याजवळून आलेला ताऱ्यांचा प्रकाश वाकलेला मोजला गेला. ग्रहणात घराबाहेर पडू नये, असं आजही गोदाकाठी सांगतात. ते शास्त्रज्ञ बाहेर पडले, म्हणून हे कळलं!

प्रकाशकण समोरासमोर आले तर एकमेकांना ओढतात. समांतर, एकाच दिशेने जाणारे मुळीच नाही. असं का? स्थिर वस्तूचं गुरुत्वक्षेत्र लाडवासारखं चहूकडे सारखं असतं. वेग वाढेल तसं ते चपटं होतं आणि प्रकाशाच्या वेगाला निव्वळ पापड उरतो: पुढे काही नाही, मागे काही नाही. हे गणित १९७१ साली आयकेलबुर्ग आणि सेक्सल यांनी मांडलं. सोबत धावणाऱ्या कणाला हा पापड कधी गाठतच नाही. समोरून येणारा कण मात्र तो भेदून जातो आणि त्याला किंचित उशीर होतो. त्याच्या तरंगाग्राचा (प्रकाशलाटेच्या पुढच्या कडेचा) जवळचा भाग जास्त रखडतो, लांबचा कमी. बैलगाडीचं एक चाक चिखलात रुतलं की गाडी त्याच बाजूला वळते, तसाच कणही वळतो.

वळणाचा कोन एकूण ऊर्जेच्या सम आणि अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. अफाट ऊर्जेला, टक्करीत देवाणघेवाण होणाऱ्या कणाचा स्पिन (अंगभूत फिरकी) जितका मोठा, तितका त्याचा परिणाम ऊर्जेबरोबर झपाट्याने वाढतो. ग्रॅव्हिटॉनचा, म्हणजे गुरुत्वाकर्षण वाहून नेतो असं मानलेल्या कणाचा, स्पिन २. १९७६ साली आलेल्या सुपरग्रॅव्हिटीत, म्हणजे आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाला महासममिती (वेगवेगळ्या स्पिनच्या कणांच्या जोड्या लावणारी सममिती) जोडणाऱ्या सिद्धांतात, त्याच्या जोडीला ३/२ स्पिनचा ग्रॅव्हिटिनो आणि इतर कण आहेत, पण या शर्यतीत ते सगळे मागे पडतात. कोनाची पुढची दुरुस्ती अमाती, चाफालोनी आणि व्हेनेझियानो यांनी १९९० साली काढली. २०२० मध्ये दोन-लूपचं, म्हणजे आणखी बारीक दुरुस्त्यांच्या पायरीचं, पूर्ण गणित झालं, तेव्हा आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून आणि चार किंवा अधिक महासममिती असलेल्या सुपरग्रॅव्हिटींतून तोच कोन निघाला, गुरुत्व स्थिरांकाच्या घनापर्यंत.

मला हा निकाल फार सुंदर वाटतो. मात्र यावरून "सुपरग्रॅव्हिटी सिद्ध झाली" असं कुणी म्हणू नये. हे तपासायला लागणारी ऊर्जा जिनिव्हाच्या कण आदळवणाऱ्या यंत्रातल्या (एलएचसी) टकरींपेक्षा सुमारे १०^१५ पट आहे. आणि तो कोन उद्या मोजता आला, तरी इथपर्यंतच्या अचूकतेत दोन्ही सिद्धांत सारखंच उत्तर देतील.