स्ट्रॉबेरी कॉब्लर

स्ट्रॉबेरी कॉब्लर : साखरेत मुरवलेल्या स्ट्रॉबेरीवर मऊ पिठाचे गोळे किंवा थर घालून ओव्हनमध्ये भाजलेला अमेरिकेतील घरगुती गोड पदार्थ. दिसायला तो ‘पाय’ (pie, म्हणजे पिठाच्या आवरणात सारण भरून भाजलेला पदार्थ) याच्या जवळचा असला, तरी त्याला खालून पिठाचे आवरण नसते. फळ थेट भांड्याच्या तळाशी असते आणि पीठ फक्त वर. पोळी लाटणे, साच्यात बसवणे, कडा मुडपणे ही सगळी कामे त्यामुळे वाचतात. म्हणून हा पदार्थ नवशिक्यांसाठी असल्याचा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. एकाच भांड्यात खाली रस उकळून दाटला पाहिजे आणि त्याच रसाच्या वाफेवर बसलेले पीठ आतपर्यंत हलके, कोरडे भाजले गेले पाहिजे. पीच किंवा सफरचंदाने हे सहज जमते. स्ट्रॉबेरीत मात्र सुमारे ९१ टक्के पाणी असते, आणि तिच्या कॉब्लरमधली जवळजवळ प्रत्येक कृती या पाण्याला आवर घालण्यासाठी असते.

उत्तर अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतकऱ्यांना मायदेशी केली जाणारी, प्राण्याची चरबी घालून वाफवलेली पुडिंगे तिथे करणे कठीण जाई. हाताशी असेल ते फळ शिजवून त्यावर पिठाचे गोळे रचण्याची पद्धत यातून रुजली. १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेटिस ब्रायन यांच्या ‘द केंटकी हाउसवाइफ’ या पाककृतिसंग्रहात पीचच्या कॉब्लरची नोंद आहे. पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबांकडे भट्टी नसे. झाकणाचे जड बिडाचे भांडे निखाऱ्यांवर ठेवून झाकणावरही निखारे पसरत, म्हणजे पीठ वरूनही भाजले जाई. पुढे बेकिंग पावडर आली आणि या पदार्थाचे रूप पालटले. रसायनशास्त्रज्ञ एबेन हॉर्सफर्ड यांनी १८५६ मध्ये तिच्यातील आम्लधर्मी फॉस्फेटचे पेटंट घेतले. यीस्टची वाट न पाहता काही मिनिटांत फुगणारे पीठ यामुळे घरोघरी शक्य झाले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कॉब्लर विशेष लोकप्रिय असून तिथे पीचचा मान पहिला आहे.

आज वापरली जाणारी मोठी स्ट्रॉबेरी हा संकर आहे. फ्रेंच अधिकारी आमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए यांनी १७१४ मध्ये चिलीहून मोठ्या फळांची जात फ्रान्सला नेली. उत्तर अमेरिकेतील सुगंधी जातीशी तिचा संकर होऊन अठराव्या शतकात ही नवी जात तयार झाली. ती रसाळ व नाजूक आहे, आणि तिच्यात पेक्टिन, म्हणजे फळाचा रस दाट करणारा घटक, कमी असते. त्यामुळे कितीही शिजवली तरी स्ट्रॉबेरी आपल्या बळावर पुरेशी दाटत नाही. बाहेरून स्टार्चची मदत लागतेच.

२० ते २३ सेंमी. लांबीरुंदीच्या खोलगट भांड्यासाठी साधारण ९०० ग्रॅम स्ट्रॉबेरी पुरते. फळे आधी धुवून पूर्ण कोरडी करावीत आणि देठ त्यानंतरच काढावेत. देठ काढून धुतल्यास पाणी आत शिरते. लहान फळे अखंड ठेवावीत, मोठ्यांचे दोनच भाग करावेत. पातळ चकत्या ओव्हनमध्ये विरघळून जातात. यावर १०० ते १३० ग्रॅम साखर, एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घालून अर्धा तास ठेवले की फळांना भरपूर रस सुटतो. बहुतेक कृतींत हा रस तसाच भांड्यात ओततात. त्यापेक्षा तो गाळून पातेल्यात निम्मा होईपर्यंत आटवावा आणि गार करून फळांत परत मिसळावा. दहा मिनिटांच्या या कामाने चव एकवटते आणि स्टार्चही कमी लागतो. गोठवलेली स्ट्रॉबेरी वापरताना तर हे टाळूच नये, कारण बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फाटलेल्या असतात आणि वितळताना बहुतेक रस बाहेर येतो.

दाटपणासाठी २५ ते ३० ग्रॅम कॉर्नफ्लॉर फळांना सारखे चोळतात. त्याचे कण पूर्ण फुगायला रस ९५ अंश सेल्सियसच्या आसपास जावा लागतो. फळ नुसते गरम झाले आणि उकळले नाही, तर रस पांढुरका, पिठूळ राहतो. उलट आम्लात फार वेळ उकळल्यास स्टार्चची पकड ढिली पडते, म्हणून लिंबू बेताने. टॅपिओकाचे पीठ वापरल्यास रस अधिक पारदर्शक दिसतो.

वरच्या पिठाची दोन घराणी आहेत. पहिल्यात अमेरिकन पद्धतीचे बिस्किट, म्हणजे कुरकुरीत बिस्किट नव्हे तर सोड्यावर फुगवलेला मऊ पाव, वापरतात. २०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम साखर, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा खाण्याचा सोडा व अर्धा चमचा मीठ एकत्र करून त्यात ८५ ग्रॅम थंडगार लोणी बोटांच्या टोकांनी चोळतात. हे मोहन वितळता कामा नये. वाटाण्याएवढे तुकडे राहिले तर ओव्हनमध्ये ते वितळताना वाफ सोडतात आणि पिठाला पदर सुटतात. मग सुमारे १७० मिलि. थंड ताक घालून सगळे जेमतेम एकत्र करायचे. मळायचे नाही, मळले की ग्लुटेन (मैद्यातील प्रथिनांचे चिवट जाळे) तयार होऊन पीठ चिवट होते. दुसऱ्या घराण्यात भांड्यात लोणी वितळवून त्यावर दूध-मैद्याचे सैल मिश्रण ओततात आणि फळे वरून पसरतात. भाजताना मिश्रण फुगून फळांच्या वर येते. हा प्रकार झटपट होतो आणि केकसारखा लागतो, पण स्ट्रॉबेरीच्या रसात तो बहुधा खालून लिबलिबीत होतो. या फळासाठी पहिलीच पद्धत योग्य.

सोड्याचे प्रमाण मोजूनच घ्यावे. स्ट्रॉबेरीचा लाल रंग अँथोसायनिन गटातील रंगद्रव्यांचा असतो. आम्लात ती लाल राहतात आणि अल्कलीकडे सरकताच निळसर होतात. सोडा जास्त झाल्यास फळाला टेकलेले पीठ राखाडी-जांभळे दिसते.

ओव्हन १९० अंशांवर तापवून आधी फक्त फळ, कडेला बुडबुडे दिसेपर्यंत, पंधरा मिनिटे भाजावे आणि मगच पिठाचे गोळे ठेवावेत. स्ट्रॉबेरी कॉब्लर फसण्याचे सर्वांत मोठे कारण वर सोनेरी आणि खाली कच्चट राहिलेले पीठ हे आहे. गार फळावर ठेवलेल्या पिठाला खालून उष्णताच मिळत नाही, आणि वरचा रंग पाहून भांडे लवकर बाहेर काढले जाते. गोळ्यांमध्ये बोटभर फटी ठेवाव्यात, म्हणजे वाफेला वाट मिळते. भांडे दोनतृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. रस उतू जातो, म्हणून खाली एक ताट ठेवणे बरे. आणखी २५ ते ३० मिनिटांनी मधोमध जड, संथ बुडबुडे येऊ लागले आणि गोळ्यात खुपसलेली काडी कोरडी निघाली की कॉब्लर झाला. रंग लवकर चढत असेल तर वर फॉइल सैल झाकावी.

बाहेर काढल्यावर निदान अर्धा तास हात लावू नये. उकळता रस पातळच असतो. निवताना स्टार्च पकड घेतो. घाईने वाढलेला कॉब्लर सूपासारखा पसरतो आणि दोष उगाच कृतीला दिला जातो. कोमट असतानाच व्हॅनिला आइस्क्रीम किंवा न फेटलेल्या सायीबरोबर तो सर्वांत चांगला लागतो.

कॉब्लरची भावंडे अनेक आहेत. क्रम्बलमध्ये वर लोणी-मैद्याचा चुरा असतो, क्रिस्पमध्ये बहुधा त्यात ओट्स मिसळतात. ग्रंट किंवा स्लंप हा न्यू इंग्लंडचा प्रकार चुलीवर, झाकण लावून वाफेवर शिजतो. स्ट्रॉबेरी शॉर्टकेक मात्र वेगळा, कारण त्यात पाव स्वतंत्र भाजतात आणि फळ कच्चे असते. ब्रिटनमध्ये कॉब्लर म्हटले की अनेकदा मांसाच्या रश्श्यावर स्कोन (छोटे मऊ पाव) रचून केलेला तिखटमिठाचा पदार्थ समोर येतो.

उरलेला कॉब्लर फ्रीजमध्ये तीन दिवस टिकतो, पण पीठ रस शोषून मऊ पडते. मायक्रोवेव्हने ते आणखी ओलसर होते. १७५ अंशांच्या ओव्हनमध्ये, झाकण न लावता, पंधरा मिनिटे ठेवल्यास वरचा पापुद्रा बऱ्यापैकी कुरकुरीत होतो.